तोंड आलंय? आधी तारीख लिहा

(वाचक विचारतात, दातांच्या डॉक्टर उत्तरं देतात)

मागच्या अंकात हिरड्यांतून येणाऱ्या रक्ताबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेले होते: तोंड आलं म्हणजे दरवेळी पोटच बिघडलेलं असतं असं नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. हिरड्या राहिल्या बाजूला. एका आजींनी मला चांगलंच सुनावलं, "तुमच्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडे तोंड आलं की एरंडेल देतात." आजी, आमच्याही घरी द्यायचे. दुसऱ्या दिवशी शाळा बुडायची, एवढा फायदा मला नक्की आठवतो.

कराडात एसटी स्टँडजवळच्या माझ्या दवाखान्याला आता २९ वर्षं झाली. दात दुखतो म्हणून आलेला माणूस उठता उठता हमखास विचारतो, "मॅडम, तेवढं तोंड आलंय त्याला काय लावू?" पत्रांतही बहुतेकांनी हेच विचारलंय. त्यांतली सहा निवडली आहेत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

"मी ३४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सहा-सात वर्षं झाली, दर महिन्याला पाळीच्या आधी ओठाच्या आत नाहीतर जिभेच्या कडेला दोन-तीन फोड येतात. वर्गात बोलणं नको होतं. सासूबाई म्हणतात उष्णता आहे, सब्जा घे. मेडिकलवाला बी-कॉम्प्लेक्स देतो. आठवड्यात बरं होतं आणि पुढच्या महिन्यात परत तेच. मी पूर्ण शाकाहारी आहे. हे नक्की कशानं होतं?" — एक शिक्षिका, धाराशिव जिल्हा

बाई, तुम्ही जागा आणि वेळ दोन्ही लिहिलंत, त्यामुळे माझं निम्मं काम झालं. मसुराच्या डाळीएवढा खड्डा, तळ पिवळट-पांढरा, भोवती लालभडक कड, आणि आकाराच्या मानानं दुखणं दसपट. असंच असेल तर हे सगळ्यात जास्त आढळणारे व्रण. आम्ही त्यांना ॲफ्थस अल्सर म्हणतो. साधारण पाचातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतातच. ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि खाली, म्हणजे तोंडाचं अस्तर मऊ असतं तिथे ते येतात. बहुतेक एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि ७ ते १४ दिवसांत डाग न ठेवता जातात. सेंटिमीटरपेक्षा मोठा व्रण महिनाभरही छळू शकतो आणि बरा होताना वण ठेवतो, पण तसे थोडे.

मुळाशी असतं काय, तर शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या या नाजूक अस्तरावर उलटते. ही प्रवृत्ती बऱ्याचदा घरातून येते. आईला किंवा मामाला विचारून बघा, "मलाही व्हायचं" असं उत्तर मिळण्याची शक्यता बरीच. मग ठिणगी कशाचीही पडते. जागरण, परीक्षेचं किंवा तपासणीचं टेन्शन, जेवताना चावला गेलेला गाल, कडक ब्रश. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे तोंड आलेल्यांची रांग असते, ती चकलीच्या काट्यांमुळे. काही बायकांना पाळीच्या आधी होतात, तुम्ही त्यांतल्या. त्यांपैकी कितीतरी जणी सांगतात की गरोदरपणात नऊ महिने एकही फोड आला नाही.

आता सासूबाईंची उष्णता. हा शब्द मी हसण्यावारी नेत नाही. आपल्याकडे "उष्णता झाली" म्हणतात तेव्हा त्यात जागरणं, लग्नसराईतलं तिखट-तेलकट, कमी प्यालेलं पाणी, न झालेलं पोट असं सगळं गाठोडं बांधलेलं असतं, आणि त्यातलं निम्मं गाठोडं खरंच तोंड येण्याच्या ठिणग्यांपैकी असतं. माझी तक्रार वेगळी आहे. उष्णता म्हटलं की विचार तिथेच थांबतो. सब्जा येतो, गुलकंद येतो, आणि हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं. बरं, जुन्यांनीही सगळं एका शब्दात कोंबलं नव्हतं. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग मोजलेत आणि सगळ्या तोंडभर येणाऱ्या रोगाचेही वाताचा, पित्ताचा, कफाचा असे प्रकार वेगळे केलेत. आपणच आळशी झालो.

तर तुम्ही एकदा रक्त तपासून घ्या: सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि फॉलिक ॲसिड. वारंवार तोंड येणाऱ्यांत यातलं काहीतरी कमी सापडणं नेहमीचं आहे, आणि पाळी येणाऱ्या, शाकाहारी, डबा खाता खाता चहा पिणाऱ्या शिक्षिकेत तर मी आधी तेच शोधीन. चहा जेवणातलं लोह शोषू देत नाही, म्हणून तो जेवणानंतर तासाभरानं घ्या. पालेभाजीवर, पोह्यांवर लिंबू पिळा. अर्थात फोड असतील ते दिवस सोडून! बी-१२ भाजीपाल्यात नसतंच. ते दूध, दही, ताक, पनीर यांतून मिळतं, आणि नुसत्या चहातल्या दुधावर भागत नाही. मेडिकलमधली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल घेत असाल तर पाकिटामागे बी-१२ किती लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा नावाला असतं. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी २००९ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात वारंवार तोंड येणाऱ्यांना रोज रात्री १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली सहा महिने दिलं. खोटी गोळी मिळालेल्या गटापेक्षा त्यांचा त्रास बराच कमी झाला, आणि गंमत म्हणजे रक्तात बी-१२ पुरेसं असलेल्यांनाही गुण आला. ५८ माणसांचा अभ्यास, म्हणून मी त्याचे ढोल वाजवत नाही. पण गोळी स्वस्त आहे. अहवाल दाखवून डॉक्टरांना विचारा.

वाचकांपैकी कुणी साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल तर त्यानंही बी-१२ तपासावं. त्या गोळीनं ते हळूहळू उतरतं.

टूथपेस्टही बदलून बघा. भरपूर फेस यावा म्हणून बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. काही जणांच्या तोंडाला ते मानवत नाही. ट्यूबवर हे नाव नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरा. फेस कमी येईल, दात तेवढेच स्वच्छ होतील.

आणि एक काम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोड दिसला त्या तारखेला लाल गोल करा, गेला त्या तारखेला निळा. पाळीची खूण तुम्ही करत असालच. तीन महिन्यांत तुमचं तुम्हालाच चित्र दिसेल. आणखी एक दिसेल: फोड पहिले तीन-चार दिवस मुकाट सोसले जातात, पाचव्या दिवशी कुणीतरी उपाय सांगतं, आणि तोवर दुखणं आपसूक उतरायला लागलेलं असतं. सहाव्या दिवशी लावलेलं तूप आठव्या दिवशी यशस्वी होतं. औषध लावायचंच तर पहिल्या दिवशी, जागा चुरचुरायला लागली की लगेच. त्यासाठी स्टेरॉइडची एक चिकट पेस्ट मिळते, रात्री झोपताना लावायची. ती मात्र दातांच्या डॉक्टरांनी फोड बघून दिली तरच.

फोडांसोबत डोळे लाल होऊन दुखणं, लघवीच्या जागी तसेच व्रण, सांधे धरणं, किंवा महिनोन्‌महिने जुलाब आणि वजन उतरणं, यातलं काही असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे थांबू नका, फिजिशियनकडे जा. तोंड तेव्हा फक्त खबर देत असतं. तुमच्या पत्रात असं काही नाही.

"आमच्याकडे तोंड आलं की जाईची पानं चावायला देतात. शेजारीण पेरूचा पाला सांगते. शिवाय हळद-तूप, मध, ज्येष्ठमध, तुरटी, आणि परवा मोबाइलवर कुणीतरी ठेचलेला लसूण लावायला सांगितला. यातलं खरं काय? तुम्ही स्वतः काय करता?" — एक वाचक, रत्नागिरी

स्वतः काय करते ते आधी सांगते. मलाही हा त्रास होता. डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला जिभेच्या टोकावर फोड होता आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांना वाटलं मुलगी बोबडी आहे. आईचं माहेर कुंभार्ली घाटाखाली, त्यामुळे जाईची पानं मीही चघळली आहेत. दोन-तीन कोवळी पानं धुऊन सावकाश चावायची, रस तोंडात फिरवायचा, चोथा थुंकायचा. चव तुरट, थोडी कडू. पेरूचा पालाही तुरटच. या तुरटपणानं उघड्या जखमेवर जरा आकसलेपणा येतो आणि ती झोंबायची कमी होते. आयुर्वेदात जाईच्या पानांचा हा वापर जुना आहे. करा, पण पानं फवारणी न केलेल्या झाडाची घ्या.

आता मात्र मी कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार वेळा चूळ भरते. मीठ फार झोंबलं तर त्याऐवजी अर्धा चमचा खायचा सोडा. रात्री झोपताना घरचं तूप किंवा खोबरेल बोटानं लावते. तुपानं जखम भरते असा माझा दावा नाही. ते एक पातळ पांघरूण आहे. दात आणि जीभ घासत नाही, झोप लागते. तुपात चिमूटभर हळद चालेल, उशीचा अभ्रा पिवळा होईल एवढंच. मधानं दुखणं कमी होतं असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण रात्री लावून तसंच झोपू नका, दात किडतात. ज्येष्ठमधाची काडी चघळायला गोड आणि घशाला बरी. मात्र ब्लडप्रेशर असलेल्यांनी रोज रोज चघळू नये, त्यानं प्रेशर वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तुरटीचा खडा पेलाभर पाण्यात दोनदा फिरवून गुळणी करायला हरकत नाही, थुंकून टाका. खडाच फोडावर घासला की काय होतं ते विचारू नका. माझ्या एका पेशंटनं केलं होतं. खुर्चीतून उठून तो रस्त्यापर्यंत गेला.

लसूण अजिबात नाही. कच्चा लसूण ठेचून दाबून ठेवला तर अस्तर भाजतं, अगदी तेलानं भाजावं तसं. लवंगेच्या तेलाचंही तेच. दाढ दुखते म्हणून ॲस्पिरिनची गोळी गालात धरून झोपणारे अजून आहेत. सकाळी गालाचं आतलं कातडं पांढरं होऊन सोलून येतं आणि मग "तोंड आलं" म्हणून येतात. तंबाखूतल्या चुन्याचा चटका हा आणखी एक प्रकार.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून खास: कोकम थंड असेल पोटाला, फोडावर मात्र ते आंबटच. आगळ घातलेलं सार त्या दिवसांत नको. सोलकढी प्यायचीच तर नारळाचं दूध जास्त आणि कोकम दिसण्यापुरतं. दहीभात, मऊ खिचडी, केळं, गार दूध यांवर चार दिवस काढा. फरसाण, टोमॅटो, अननस नको.

"माझा नातू आठ महिन्यांचा आहे. तोंड आलंय, ताप होता, दूध ओढत नाही. आमच्या वेळी टाकणखाराची लाही मधात खलून बाळाच्या जिभेला लावत. सून लावू देत नाही. कोण बरोबर?" — एक आजी, नाशिक

आजी, सून. या एकाच प्रश्नाचं उत्तर मी एका शब्दात देऊ शकते, म्हणून देऊन टाकलं.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको. मधात एका जंतूचे सुप्त बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निपचित राहतात, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं. आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध-बोरॅक्सच्या मिश्रणात बुडवलेली चोखणी दिलेल्या बाळांना फिट्स आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुम्ही तुमच्या मुलांना लावलंत आणि ती धडधाकट आहेत, हे मला मान्य आहे. माझ्या आजीनंही आम्हाला लावलं होतं.

बाळाच्या तोंडात पांढरे, दह्याच्या कवडीसारखे थर आहेत का फोड आहेत, हे उजेडात बघा. दुधाचा थर ओल्या मऊ कापडानं पुसला की जातो. सहज पुसला जात नसेल तर ती बुरशी. तिला बालरोगतज्ज्ञ थेंब देतात, आणि अंगावर पिणारं बाळ असेल तर आईच्या स्तनाग्रांवरही औषध लावावं लागतं, नाहीतर एकमेकांना देत बसतात. पण तुम्ही ताप लिहिलाय. म्हणून तळहात, तळपाय, कुल्ले बघा. तिथे लालसर पुरळ किंवा पाणी धरलेले बारीक फोड असतील तर तो हात-पाय-तोंडाचा आजार. पाच वर्षांखालच्या मुलांत विषाणूमुळे होतो, एकाला झाला की पाळणाघर साफ करतो. सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ॲस्पिरिन द्यायची नाही. मोठ्यांसाठीची दुखणं बधिर करणारी जेल बाळाला लावायची नाही.

तुमचं काम वेगळंच आहे आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही: दर थोड्या वेळानं वाटी-चमच्यानं थोडं थोडं दूध पाजायचं. बाळ ओढत नाही कारण ओढताना दुखतं, चमच्यानं घेईल. सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, किंवा बाळ मलूल पडलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. आणि लंगोट बदलल्यावर प्रत्येक वेळी साबणानं हात. हा विषाणू शीमधून कितीतरी आठवडे पडत राहतो.

"मॅडम मी ट्रक चालवतो. वय ४१. बारा वर्षं गुटखा खाल्ला, दिवसाला १०-१५ पुड्या. मुलीनं शपथ घातली म्हणून महिना झाला बंद केला. बंद केल्यापासून तोंड येतंय, आधी कधी येत नव्हतं. मित्र म्हणतात गुटख्यानं तोंड टणक राहतं, परत चालू कर. खरं का?" — एक चालक, जालना

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मुलीसाठी एक शाबासकी मनात दिली.

मित्र खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. तंबाखूनं तोंडाचं अस्तर जाड होतं, उन्हातान्हात राबणाऱ्या तळव्याला घट्टा पडतो तसं. ते बंद केलं की घट्टा उतरतो, खालचं मऊ अस्तर उघडं पडतं, आणि फोड येतात. बिडी-सिगारेट सोडणाऱ्यांत हे पहिल्या दोन आठवड्यांत सर्रास दिसतं आणि बहुतेकांचं महिन्याभरात थांबतं. म्हणजे हे तोंड परत माणसात येण्याचं दुखणं. मीठ-पाण्याच्या चुळा, रात्री तूप, आणि दम धरा. घट्टा पाहिजे म्हणून कुणी हात परत आगीत घालत नाही.

पण बारा वर्षांच्या हिशोबात मला दुसरीच काळजी आहे. स्वतःची तीन बोटं, अंगठ्याशेजारचं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. जातात का? की दोनच जातात? पाणीपुरीची पुरी अख्खी तोंडात जाते का? साधी भाजीसुद्धा आधीपेक्षा तिखट झोंबते का? गालाला आतून बोट लावल्यावर दोरीसारखे ताठ पट्टे लागतात का? यातलं काही "हो, त्रास आहे" असेल तर सुपारीनं गाल आतून आवळत चाललेत. सगळा दोष तंबाखूचा असं लोकांना वाटतं. हे काम सुपारीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. म्हणून गुटख्याऐवजी "साधी गोड सुपारी" हा उतारा नको. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या खिशात पुडी असतेच, तेव्हा टपरी तुम्हाला रोज हाक मारणार हे मी धरून चाललेय. तलफ आली की १८००-११२-३५६ हा सरकारचा मोफत फोन आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठी. ढाब्यावर गाडी लावून करा.

आणि पुढच्या फेरीआधी एकदा तोंड दाखवा. जालन्यात सिव्हिलला दातांचा विभाग आहे. डॉक्टरांना गालफडाचा कोपरा, म्हणजे जिथे पुडी धरत होतात ती जागा, बघायला सांगा.

"आईला संधिवातासाठी नवीन गोळ्या चालू झाल्या. दहा दिवसांत ओठांपासून घशापर्यंत तोंड सोललंय, पाणी गिळता येत नाही. घरगुती उपाय सांगा." — एक वाचक, अकोला

हे पत्र उघडलं त्याच दिवशी संपादकांनी यांना फोन करून आईला दवाखान्यात न्यायला सांगितलं. छापतोय ते बाकीच्यांसाठी. गोळीच्या पाकिटावर मेथोट्रेक्सेट लिहिलं असेल तर संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली गेली की आधी तोंड सोलतं, मग रक्तातल्या पेशी उतरतात. इथे घरगुती उपाय एकच, गोळी थांबवून पाकीट हातात घेऊन त्याच दिवशी दवाखाना. घरात कुणाला ही गोळी असेल तर पाकिटावर मार्करनं वार लिहून ठेवा: "फक्त रविवार".

"वय ६२. जिभेच्या उजव्या कडेला दीड महिन्यापासून एक चट्टा आहे. दाढेचा तुकडा पडलाय, तो घासत असावा. दुखत मात्र अजिबात नाही, म्हणून डॉक्टरकडे गेलो नाही. तूप, मध, बी-कॉम्प्लेक्स झालं. तंबाखू पूर्वी खायचो, आता फक्त मशेरी लावतो. आणखी काय लावावं?" — एक निवृत्त कर्मचारी, सातारा जिल्हा

काका, काही लावू नका.

तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती मी सहसा सांगत नाही. दवाखाना उघडून दोनच वर्षं झाली होती. पाटण खोऱ्यातली एक मावशी आली. ऊसतोडीला जायच्या घाईत होती. गालात आतून चट्टा, रुपयाच्या नाण्याएवढा, आणि दुखत नव्हता. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी ती वयाच्या दहाव्या वर्षापासून दिवसातून तीनदा लावत होती. मी लावायला जेल दिली आणि "आठ दिवसांनी दाखवा" म्हटलं. कागदावर तारीख लिहिली नाही. आठ दिवस म्हणजे कधी, हे तिनं तिच्या हंगामावर मोजलं आणि मीही विसरले. ती तीन महिन्यांनी परत आली, तेव्हा मानेला गाठ होती. पुढचं सगळं मुंबईला, टाटा हॉस्पिटलात झालं. ती वाचली, पण अर्धा जबडा काढावा लागला. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कागदावर पेशंटनं फोड पहिल्यांदा कधी बघितला ती तारीख मोठ्या अक्षरात असते, आणि तिच्याखाली तीन आठवड्यांनंतरची दुसरी.

साधा फोड दुखतो, ओरडतो, आणि दोन आठवड्यांत जातो. तीन आठवड्यांनंतरही जागेवर असलेला, न दुखणारा चट्टा, आणि तो जिभेच्या कडेला, आणि माणूस मशेरीवाला: या चौघांना मी एकत्र बघते तेव्हा घरगुती शब्द वापरत नाही. तुमचा दीड महिना झालाय. दाढेचा तुकडा घासूनच झालेला असू शकतो, तसंच निघालं तर मी सगळ्यात आधी हसेन. पण ते ठरवायची रीत अशी: आधी दाढेची धार घासून घ्यायची, दोन आठवडे थांबायचं, आणि तरी चट्टा हलला नाही तर त्याचा बारीक तुकडा काढून तपासायचा. तुमच्या बाबतीत मी दोन आठवडेही थांबणार नाही, तुकडा लगेच पाठवीन. त्याला बायोप्सी म्हणतात. जागा बधिर करून दहा-पंधरा मिनिटांचं काम. "कापलं की पसरतं" असं गावात म्हणतात. बायोप्सीनं पसरत नाही, थांबून राहिल्यानं पसरतं. लवकर सापडलेला जिभेचा आजार छोट्या ऑपरेशनवर निभावतो.

जाताना दोन कामं करा. मशेरीची डबी घरी ठेवू नका, ज्यांनी ती भाजून दिली त्यांच्याच हातात द्या आणि त्यांचंही तोंड बघून घ्यायला त्यांना सोबत न्या. एका घरात मशेरी लावणारं माणूस एकटं मी अजून पाहिलेलं नाही. आणि जीभ बाहेर काढून, कोपरा कापडानं धरून, घरच्या कुणालातरी मोबाइलवर एक फोटो काढायला सांगा, तारखेसकट. डॉक्टरांना आजचा चट्टा दिसेल. महिन्यापूर्वीचा तुमच्याशिवाय कुणी पाहिलेला नाही.

तुमच्या पत्रावर पत्ता आहे. सिव्हिलला कुठल्या वारी जायचं आणि कुणाला भेटायचं ते मी पोस्टकार्डानं वेगळं कळवलंय. अंक हातात पडेल तेव्हा कार्ड येऊन चार दिवस झाले असतील. अजून गेला नसाल तर अंक मिटून ठेवा आणि निघा.